नानांना विचारत विचारत व्हिएन्ना

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी सिअ‍ॅटलजवळ, बॉथेलच्या आमच्या घरी एक हजार आठशे साठ डॉलर क्रेडिट कार्डाने भरले गेले. व्हिएन्ना शहरात तीन दिवस एक गाडी आणि ड्रायव्हर, तोच वाटाड्याही, असा त्याचा हिशोब होता. हजर होते पाच जण. पैसे भरणारा निखिल, ज्यांच्यासाठी भरले ते त्याचे आईवडील, मी, आणि माझी बायको सुजाता. निखिलच्या वडिलांना सगळे नाना म्हणतात, आईंना मी काकू म्हणतो. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, म्हणून सुजाताने नारळीभात केला होता. तो चौघांनीच खाल्ला. नानांनी ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "माझं झालंय जेवण." त्यांचं जेवण झालेलं नव्हतं. ते रागावले होते.

माझा धंदा काय आहे ते आधी सांगतो. अमेरिकेत मुलांकडे आलेले आईवडील सहा महिने राहून परत जाताना वाटेत युरोपात दोनचार दिवस थांबतात. विमान तसंही तिकडूनच जातं, तिकिटात फारसा फरक पडत नाही. या मंडळींसाठी मी व्हिएन्नाची माहिती तयार करतो, मराठीत, मोठ्या टायपात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. कंपनीने मला दीड वर्ष व्हिएन्नात ठेवलं होतं. पुढे कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात गेलं, मी गेलो नाही, आणि हे सुरू केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. एका कुटुंबाची फी दीडशे डॉलर. लोक विचारतात, पॅरिस करता का, रोम करता का. मी नाही म्हणतो. जिथे मी स्वतः दूध आणलेलं नाही, त्या शहराची माहिती मी देत नाही.

या धंद्यातली पहिली अडचण म्हणजे व्हिसा. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असला की युरोपातही उतरता येतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तसं नाही. विमानतळावर बसता येतं, शहरात जाता येत नाही. आणि मुलांना भेटायला आलेल्या पालकांना युरोपचा व्हिसा सहसा इथून मिळत नाही, तो भारतातूनच घेऊन निघावं लागतं. म्हणजे सप्टेंबरातल्या व्हिएन्नाचा विचार मार्चमध्ये, नागपुरात बसून करावा लागतो. इथे आल्यावर ज्यांना हे कळतं, त्यांना मी चहा देतो, फी घेत नाही.

दुसरी अडचण माहितीची. माहितीच्या पुस्तकांत राजवाड्याला किती खोल्या आहेत ते असतं. सत्तरीच्या माणसाला बाकडं कुठे आहे ते हवं असतं. सार्वजनिक शौचालयाला पन्नास सेंटचं नाणं लागतं, नोट चालत नाही. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं असतं, ते बिनधास्त प्यावं. लिफ्टमध्ये शून्य लिहिलेलं असतं तो आपला तळमजला. रविवारी दुकानं बंद, दूध हवं तर मोठ्या स्टेशनातल्या दुकानात मिळतं. कॉफीच्या दुकानात एक कप कॉफी घेऊन दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. शाकाहारी माणसाने सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं. ट्रॅमचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं.

तिकिटाचं तर मी ठळक अक्षरांत लिहायचो. तिथे स्टेशनवर अडवायला दांडे नसतात, कोणी तिकीट बघत नाही, आपण सरळ आत जातो. पण कागदाच्या तिकिटावर निळ्या डब्यात घालून वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर ते तिकीट नाहीच. पुण्याच्या एका गृहस्थांनी तीन दिवसांची चार तिकिटं घेतली आणि शिक्का न मारता कोरी ठेवली. कोणी विचारत नाही असं त्यांच्या लक्षात आलं होतं. विचारलं असतं तर तिथल्या तिथे मारायचा, असा त्यांचा बेत. साध्या कपड्यातल्या माणसाने विचारलं, तेव्हा डबा मागे राहिला होता आणि दंड तिकिटाच्या अनेक पट होता. परत आल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं, पण इतकं ठळक लिहिलं की मला वाटलं घाबरवताय." तेव्हापासून ते वाक्य मी साध्या टायपात लिहितो.

पण या कामातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या गावात घरातून निघून पायी कुठे पोचता येत नाही. किराणा तीन मैल, देऊळ अकरा मैल. नागपुरात स्वतः स्कूटर चालवणारा माणूस इथे आला की दुधासाठी मुलाची वाट बघतो. सहा महिने तो मागच्या सीटवर बसून असतो. व्हिएन्नात त्याच्या हातात एक तिकीट येतं आणि तो वाटेल तिथे जाऊ शकतो. माझ्याकडे आलेल्या पालकांपैकी कित्येकांनी मला सांगितलं, राजवाडा ठीक होता हो, पण ट्रॅममध्ये आम्ही दोघंच होतो.

म्हणूनच निखिलने गाडीचे ते पैसे भरले तेव्हा मला बरं वाटलं नाही. पण पैसे भरायला कारण होतं.

जूनमध्ये नाना फिरायला म्हणून निखिलच्या घरातून बाहेर पडले आणि त्यांना घर सापडेना. त्यांनी दुसऱ्याच दाराची बेल वाजवली. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नानांच्या खिशातल्या कागदावरचा निखिलचा नंबर लावला. निखिल तेव्हा कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला ऑफिसच्या कामाला गेला होता.

"काका, मी मीटिंगमध्ये होतो," निखिल मला त्या शनिवारी अंगणात सांगत होता. आतलं कोणी ऐकू नये म्हणून आम्ही बाहेर उभे होतो. "अननोन नंबर बघून मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला. तेव्हापासून अननोन नंबरही पहिल्या रिंगला उचलतो. मला बाबांना कंट्रोल नाही करायचं यार. पण ते तिकडे नागपूरला दोघंच असणार. मी काय करू?"

"काय ठरवलंस?"

"व्हिएन्नाला गाडी द्यायची, नीट पोचवायचं. मग डिसेंबरात जाऊन फ्लॅट विकायचा आणि त्यांना कायमचं इकडे आणायचं. काही झालंच तिकडे, तर डिसेंबरपर्यंतही थांबणार नाही."

"त्यांना सांगितलंस?"

"फक्त आईला सांगितलं."

आत आलो तर नाना माझी वाटच बघत होते. नाना पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते, सगळी नोकरी विदर्भात कालव्यांच्या मोजणीत गेली. उंच, वाळके, शर्टाच्या खिशाला पेन्सिल. त्यांनी निखिलकडे न बघता मला विचारलं, "तुमची गाडी बेटावर नेते का?"

व्हिएन्नातून डॅन्यूब नदी वाहते. पुरापासून शहर वाचवायला तिथल्या लोकांनी नदीला समांतर दुसरं पात्र खणलं, आणि निघालेल्या मातीचं दोन पात्रांच्या मध्ये एक लांबच लांब, चिंचोळं बेट तयार झालं. ते काम चालू होतं तेव्हा नानांनी खात्याच्या लायब्ररीतल्या एका मासिकात त्याचे आराखडे पाहिले होते. व्हिएन्ना ठरलं ते त्यांच्यामुळे. निखिलला वाटत होतं, संगीत आणि राजवाडे.

मी गाडीवाल्यांचा कागद पाहिला. गाडी राजवाडे, चर्च आणि एका चॉकलेटच्या दुकानात नेत होती. बेटावर नेत नव्हती.

"मग ती गाडी निखिलला द्या," नाना म्हणाले. "मला ट्रॅमने जायचंय."

"बाबा, तुम्ही इथे आपल्या गल्लीत हरवलात," निखिल म्हणाला.

"मी हरवलो नाही. घरं सारखी होती. सगळ्यांचा रंग राखाडी, सगळ्यांचं गॅरेज पुढे, नंबर कुठे लिहिलाय ते शोधावं लागतं. अशी वसाहत आखणाऱ्याला आमच्या खात्यात कोणी ठेवलं नसतं."

ते खोटं नव्हतं. मी स्वतः त्या वसाहतीत दोनदा चुकलो आहे.

वयस्क पालकांची मी तालीम घेतो. ही माझी जुनी पद्धत. व्हिएन्नाला जाण्याआधी एक दिवस ते इथल्या बसने लिनवूडला आणि तिथून रेल्वेने सिअ‍ॅटलला जातात, समुद्रावर बसतात आणि परत येतात. सोबत मी लिहिलेलं पत्रक असतं, व्हिएन्नाच्या पत्रकासारखंच. मी त्याच डब्यात चार बाकं मागे बसतो आणि बोलत नाही. अगदीच चुकले तर बोलतो. मी निखिलला म्हटलं, गाडी रद्द करायला अजून वेळ आहे, एक दिवस तालीम होऊ दे. त्याने कागदावर रद्द करायची मुदत तपासली. मग म्हणाला, "तुम्ही मागे असाल ना?" मी हो म्हटलं.

पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो. पत्रक नानांच्या हातात. आजवरची सगळी पत्रकं मी पुरुषांच्याच हातात दिली होती. द्यायची असं ठरवलेलं नव्हतं, तसंच होत आलं होतं.

नाना झकास होते. नकाशा त्यांनी घडी न मोडता गुडघ्यावर धरला, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि काकूंना उत्तर दिशा दाखवली. काकूंना इंग्रजी वाचता येत नाही, नकाशा कधी पाहिलेला नाही. मी वहीत लिहिलं, उत्तम. अर्ध्या तासाने ते खोडलं. तोवर मी चार बाकं मागून नुसतं बघत होतो, ऐकत नव्हतो. आता ऐकू लागलो.

"अहो, इथेच उतरायचं म्हणालात ना?" काकू.

"हो, इथेच."

"तिकीट त्या पिवळ्या खांबाला लावायचं म्हणालात ना?"

"मग? लाव की."

"वर जायचं की खाली? खाली म्हणालात बहुतेक."

"खालीच. चल."

नाना यातलं काही म्हणाले नव्हते. सकाळी माझ्या टेबलाशी बसून मी हे एकदा वाचून दाखवलं होतं, तेव्हा नाना नकाशा बघत होते आणि काकू खिडकीबाहेर. मला वाटलं होतं त्यांचं लक्ष नाही. त्यांनी सगळं उचललं होतं, आणि आता एकेक करून नवऱ्याच्या तोंडी घालत होत्या. त्यांनी दिवसभरात एकदाही "असं करा" म्हटलं नाही. नानांनी एकदाही "मला आठवत नाही" म्हटलं नाही.

परत येताना काकू स्टेशनजवळच्या दुकानात शौचालयाला गेल्या. नाना बाहेर उभे राहिले. मी थोड्या अंतरावर. दोनतीन मिनिटं गेली. नानांनी घड्याळ पाहिलं, नकाशा खिशात घातला आणि स्टेशनच्या जिन्याने उतरू लागले. मी नियम मोडून पुढे गेलो.

"चला," ते मला म्हणाले, "उशीर होतोय."

"काकू यायच्यात ना, नाना."

ते जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबले. कठड्याला धरलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, हात मात्र कठड्यावरून निघेना. मग म्हणाले, "हो. तेच म्हणतोय. येऊ द्या तिला."

घरी आल्यावर नाना कोचावर झोपले. मी, सुजाता आणि काकू स्वयंपाकघरात बसलो. सुजाताने चहा ठेवला. काकूच बोलल्या.

"जिन्यावर तुम्ही पाहिलंत. मला तुमच्या तोंडावरून कळलं."

"कधीपासून आहे हे?"

"दीडेक वर्ष. जुनं सगळं आठवते. कोणत्या कालव्याला किती मोऱ्या ते विचारा. सकाळचं विचारू नका."

"निखिलला माहीत नाही?"

"तो फ्लॅट विकून राहिला, भाऊ. इथे आणून ठेवलं तर यांना कोणती गल्ली सापडेल? तिकडे पानवाला ओळखतो, दूधवाला ओळखतो, चुकले तर कोणीही आणून सोडते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि यांना तर मुळीच कळू द्यायचं नाही. मला समजलंय असं यांना समजलं, तर हे बाहेर पडणंच सोडतील. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत. मग काय उरलं?"

मी म्हटलं, "काकू, निखिलने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नका."

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"दाखवीन. घट बसू दे घरी, मग मीच नेते. आणि निखिलला पण मीच सांगते. तुम्ही सांगितलं तर तो तुमचं ऐकेल, माझं ऐकायचं सोडेल."

त्या गेल्यावर मी सुजाताला ते प्रश्नांचं सांगितलं. किती शिताफीने, एकदाही न चुकता, वगैरे. ती भांडी लावत होती.

"तुला आज कळलं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी टॅक्सचे कागद कुठे ठेवले होते?"

त्या वर्षी फेब्रुवारीत ती मला विचारत होती, "निळ्या फाईलमध्येच ठेवलेस म्हणालास ना?" आणि मी हो म्हणत होतो.

निखिलचा फोन संध्याकाळी आला. मी जे पाहिलं ते सांगितलं, जेवढं माझं सांगायचं होतं तेवढं. "दोघं मिळून नीट गेले आणि नीट आले. वेगळे पाठवलेस तर मी जबाबदारी घेणार नाही, एकत्र पाठवलेस तर घेईन. आणि बाकीचं तुझ्या आईशी बोल."

"बाकीचं म्हणजे?"

"ते ती सांगेल. विचार, पण घाई करू नकोस."

निखिल हुशार आहे. त्याला काय कळलं, किती कळलं, हे मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ओके. गाडी कॅन्सल करा. फक्त एअरपोर्ट पिकअप ठेवा."

पिकअप आणि रद्द करण्याचे पैसे धरून गाडीवाल्यांनी तीनशे चाळीस डॉलर कापले, पंधराशे वीस निखिलच्या कार्डावर परत आले.

मग मी नवं पत्रक लिहायला बसलो. नानांसाठी फक्त नकाशा, त्यावर अंतरं मीटरमध्ये. काकूंसाठी दोन पानं, आणि त्यांवर एकही सूचना नाही. सगळे प्रश्न. मला ते लिहायला चार दिवस लागले. सूचना लिहिणं सोपं असतं, कारण ज्याला लिहायचं त्याचा विचार करावा लागत नाही.

"अहो, तिकिटाला निळ्या डब्यात शिक्का मारायचा म्हणालात ना?"

"यू-वन मेट्रो म्हणजे लाल रंगाची ना हो?"

"दाराचं बटण आपणच दाबायचं ना?"

"आउसगांग लिहिलंय, म्हणजे बाहेर जायचा रस्ता म्हणालात तो हाच ना?"

"इथे थोडं बसायचं म्हणालात ना?" हा प्रश्न मी प्रत्येक बाकड्याला लिहिला.

काकूंनी पानं हातात घेतली, वाचली, आणि पहिल्यांदाच हसताना मी त्यांना पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हाला जमलं. फक्त सारखं 'म्हणालात ना' नका टाकू. कधी कधी यांना नाही म्हणू द्यावं लागतं. एखादा प्रश्न मुद्दाम चुकीचा ठेवा."

मी दोन चुकीचे ठेवले. "आपला हॉटेलचा मजला पाचवा ना?" तो तिसरा होता. नानांच्या हातात किल्ली असणार होती, आकडा त्यावर होता.

सप्टेंबरच्या मध्यावर ते निघाले. घटस्थापनेच्या आधी नागपूर गाठायचं होतं. व्हिएन्नात तीन दिवस. मी फोन जवळ ठेवून होतो, निखिल तर नक्कीच. पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक फोटो आला, ट्रॅमच्या काचेतून काढलेला, नीट दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी बेट होतं. त्या दिवशी काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं, ते तसंच लिहितो.

बेटावर जायला लाल मेट्रो. बेटाचंच स्टेशन आहे, नदीच्या मधोमध, उतरलं की झालं. पत्रकात तसंच होतं. पण बेटाच्या एक स्टेशन अलीकडे गाडी थांबली. कोणा प्रवाशाला बरं वाटेनासं झालं होतं. काहीतरी सांगितलं गेलं, जर्मनमध्ये, आणि सगळे उतरले. हे दोघंही उतरले. फलाटावर गर्दी, मग गर्दी वर निघून गेली, आणि हे दोघं राहिले.

"माझ्याकडे प्रश्न नव्हता," काकू मला म्हणाल्या. "पानावर जे होते ते संपले. पाठच केले होते सगळे, पण याला काही नव्हतं. हे माझ्याकडे बघून राहिले. मी कधी विचारते याची हे वाट बघत होते जसे. मी म्हटलं, आता काय करायचं?"

इतक्या वर्षांत तो पहिला प्रश्न असावा, ज्याचं उत्तर काकूंना माहीत नव्हतं.

नानांनी नकाशा काढला. बाकावर पसरला. पेन्सिल काढली. स्टेशनचं नाव भिंतीवर वाचलं, अक्षरं एकेक करून नकाशावरच्या अक्षरांशी जुळवली. मग म्हणाले, "नदी समोर आहे. पूल आहे. चालत जाऊ. तुझे गुडघे?"

"चालते मी."

पूल लांब आहे. वारा असतो. काकू कठड्याला धरून हळूहळू चालत होत्या आणि नाना त्यांच्या पुढे दोन पावलं, मग थांबत, मग पुन्हा दोन पावलं. पुलाच्या मध्यावर खाली पाणी दिसू लागलं. आधी नदी, पुढे हिरवी पट्टी, त्याच्या पलीकडे खणलेलं पात्र. नानांनी बोटाने काकूंना सगळं दाखवलं. पूर आला की कोणते दरवाजे उघडतात, पाणी कुठून आत घेतात, माती कुठली कुठे टाकली. मासिकातलं सगळं त्यांना पाठ होतं.

मग बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "तू विचारतेस ते मला कळतं."

काकू म्हणतात, त्यांना वाटलं पाण्याबद्दल बोलताहेत.

"काय विचारते?"

"इथे वळायचं म्हणालात ना, तिथे उतरायचं म्हणालात ना. मी काही म्हणालेलो नसतो. मला माहीत असतं."

काकू दोन पावलं पुढे होऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"विचारत जा," नाना म्हणाले. "थांबू नकोस."

ते पुढे चालू लागले आणि बेटावर उतरायच्या रस्त्यापाशी थांबले. काकू पोचल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "इथून खाली उतरायचं ना हो?" आणि नाना म्हणाले, "हो."

नागपूरला घट बसले. काकूंनी त्या आठवड्यातच निखिलला फोन केला, आणि दसऱ्यानंतर नानांना डॉक्टरांकडे नेलं. सोबत जाताना त्यांनी काही लपवलं नाही, आणि नानांनीही नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते चांगलं नव्हतं आणि अगदी वाईटही नव्हतं. गोळ्या आहेत. निखिल डिसेंबरात गेला. फ्लॅट विकला नाही. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलून आला, पानवाल्याला स्वतःचा नंबर देऊन आला. मला त्याने फोनवर सांगितलं, "काका, मला ते इथेच हवे होते. अजूनही हवेत." मी म्हटलं, साहजिक आहे. अननोन नंबर तो अजूनही पहिल्या रिंगला उचलतो, आणि उचलत राहील. माझ्या पत्रकाने ते थांबणार नव्हतं.

मी मात्र तेव्हापासून प्रत्येक कुटुंबाला दोन पत्रकं देतो. एक नेहमीचं, आणि एक प्रश्नांचं. कोणाच्या हातात कोणतं जातं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. क्युपर्टिनोच्या एका घरात प्रश्नांचं पत्रक नवऱ्याने मागून घेतलं, बायकोसाठी. या दिवाळीपर्यंत सात कुटुंबं ते घेऊन जाऊन आली. प्रश्नांच्या पत्रकाचे मी जादा पंचवीस डॉलर घेतो, आणि ते घेताना पहिल्यापासून मला एक गोष्ट खटकत होती. ती कल्पना माझी नव्हती.

मागच्या महिन्यात मी नागपूरला फोन लावला आणि काकूंना सांगितलं की सात कुटुंबांचे पैसे तुमच्या खात्यात टाकतोय.

"कशाचे?"

"प्रश्नांचे."

"प्रश्नांचे कोणी पैसे घेते का, भाऊ?"

"मी घेतलेत. म्हणून तुम्हाला देतोय."

फोन बाजूला धरल्याचा आवाज आला. दूरवर त्यांचा आवाज ऐकू आला. "अहो, घ्यायचे म्हणालात ना?"

मग नानांचा आवाज, जरा मोठ्याने, मलाही ऐकू यावा असा. "म्हणालो."

एकशे पंचाहत्तर डॉलर, रुपयांत करून, त्याच दिवशी काकूंच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात जमा केले.